घरातला रोजचा ताण आणि लक्षात ठेवण्याचे ओझे

घरातला रोजचा ताण मोठ्या संकटातून क्वचितच येतो. सिलिंडर संपतो आणि नंबर लावायचा राहून गेलेला असतो, मटकी भिजत घालायची राहते, मुलाच्या डायरीत शाळेने लिहिलेली सूचना कोणीच वाचलेली नसते. यांपैकी एकही गोष्ट शेजाऱ्याला सांगावी इतकी मोठी नाही. ताणाच्या अभ्यासकांनीही सुरुवातीला अशा गोष्टींकडे फारसे पाहिले नाही. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून शरीराच्या ताणप्रतिक्रियेचे वर्णन केले. होम्स आणि राहे यांनी १९६७ मध्ये आयुष्यातील घटनांना गुण देणारी मोजपट्टी तयार केली. तिच्यात जोडीदाराच्या मृत्यूला सर्वाधिक, म्हणजे १०० गुण होते. पुढे १९८१ मध्ये कॅनर, लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० मध्यमवयीन माणसांच्या बारीकसारीक कटकटींची कित्येक महिने नोंद ठेवली. मनाच्या तक्रारींचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या कटकटींवरूनच अधिक चांगला येतो, असे त्यांना आढळले.

याचे कारण शरीराच्या घडणीत आहे. धोका जाणवला की अ‍ॅड्रेनलिन वाढते, पाठोपाठ कॉर्टिसॉल वाढते, हृदयाचे ठोके जलद होतात, पचन मंदावते. धोका टळला की सगळे पूर्ववत होते. ही यंत्रणा थोड्या वेळासाठी उत्तम काम करते. कॉर्टिसॉल सकाळी सर्वाधिक असते आणि संध्याकाळपर्यंत उतरत जाते. कटकटींची रांग दिवसभर तुटलीच नाही, तर ही उतरण नीट होत नाही. झोप उथळ होते आणि दुसऱ्या दिवशी तीच कटकट अधिक मोठी वाटते. म्हणून ताण किती आला याइतकेच, दोन ताणांच्या मध्ये मोकळा वेळ मिळाला का, हेही महत्त्वाचे आहे.

अशा न तुटणाऱ्या रांगेचे एक उदाहरण पाहा. नाशिकचा गंगापूर रोड अशोक स्तंभापासून निघून गोदावरीच्या उजव्या काठाने आनंदवल्ली, सोमेश्वर करत गंगापूर गावाकडे जातो. एकेकाळी शेते आणि द्राक्षबागा असलेल्या या पट्ट्यात आता सोसायट्यांची दाट वस्ती आहे. दक्षिणेला सातपूरची औद्योगिक वसाहत, रस्त्यावर महाविद्यालये, जवळच कॉलेज रोडचे क्लास. अशा वस्तीतल्या एका घरात कारखान्याची पाळी, शाळेची नोकरी, मुलाची बारावी आणि आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या अशी तीन-चार वेळापत्रके एकत्र चालू शकतात. त्यांत नळाला पाणी येण्याची वेळ, घंटागाडीची वेळ आणि भांड्यांना येणाऱ्या ताईंची वेळ मिसळते. ही सगळी वेळापत्रके जुळवण्याचे काम कोणाच्याही नावावर लिहिलेले नसते, पण ते कोणीतरी करतच असते. बहुतेक घरांत ते बाई करते.

घरकामाच्या वाटणीबद्दल देशाची आकडेवारी उपलब्ध आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षे व त्यापुढील वयाच्या ८१.२ टक्के स्त्रिया विनामोबदला घरकाम करताना दिसल्या. पुरुषांत हे प्रमाण २६.१ टक्के होते. जे हे काम करतात, त्यांच्यातही स्त्रियांचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे होता. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत दोघांचाही वेळ थोडा घटला, अंतर मात्र जवळपास तेवढेच राहिले. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८९ मध्ये नोकरदार स्त्रीच्या या घरकामाला दुसरी पाळी म्हटले होते.

मिनिटांच्या हिशेबात एक गोष्ट मात्र नीट पकडता येत नाही, ती म्हणजे लक्षात ठेवण्याचे काम. भाजी चिरायला दहा मिनिटे लागतात, पण उद्या कोणती भाजी, ती घरात आहे का, आजोबांना चालेल का, मुलगा डब्यात खाईल का, हा विचार आदल्या संध्याकाळपासून चालू असतो. घरातल्या अनेक भांडणांचे मूळ इथे आहे. ‘सांगितलं असतंस तर केलं असतं,’ असे म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण सांगण्यासाठी आधी लक्षात ठेवावे लागते आणि ते ओझे होते तिथेच राहते. म्हणून कामे वाटताना तुकडा देऊन भागत नाही, आख्खे काम द्यावे लागते. ‘दूध आण’ हा तुकडा झाला. दूध, दही, ताक संपत आले का हे पाहणे, आणणे, तापवणे आणि महिन्याचा हिशेब चुकता करणे, हे आख्खे काम. ते ज्याच्याकडे गेले त्याच्या पद्धतीने होऊ द्यावे लागते. डबा वेगळ्या फडताळात ठेवला म्हणून पहिल्याच आठवड्यात काम परत ओढून घेतले, तर वाटणी तिथेच संपते. ही अडचण खरी आहे आणि तिला दोन्ही बाजूंनी धीर लागतो.

पाळ्या बदलतानाची कारखान्यातली रीत घराला उपयोगी पडेल अशी आहे. पाळी संपवून जाणारा माणूस येणाऱ्याला यंत्राची स्थिती, राहिलेले काम, झालेला बिघाड सांगून जातो. घरातही रात्री जेवणानंतर दहा मिनिटे एवढ्यासाठीच ठेवता येतात: उद्या कोण किती वाजता बाहेर पडणार, वीजबिल भरले का, सोसायटीची बैठक आहे का, क्लासला कोण सोडणार. स्वयंपाकघरात टांगलेली एक दिनदर्शिका आणि शेजारी पेन एवढ्यावर हे भागते. फोनवरचा कौटुंबिक गट यासाठी कमी पडतो, कारण तिथे सुविचार आणि लग्नाच्या फोटोंखाली सूचना हरवते.

संध्याकाळी घरी परतण्याची वेळ सर्वांत नाजूक. मानसशास्त्रज्ञ रेना रेपेटी यांनी विमानवाहतूक नियंत्रकांचा अभ्यास केला. जास्त कामाच्या दिवशी ही माणसे घरी आल्यावर गप्प आणि अलिप्त राहत. जोडीदाराने तो वेळ मोकळा दिला की ती रागही कमी दाखवत. म्हणजे दार उघडताच तक्रारींची यादी न मांडणे शहाणपणाचे. मात्र हा मोकळा वेळ एकालाच मिळाला तर तो दुसऱ्याच्या वाट्यातून जातो. डार्बी सॅक्सबी आणि रेपेटी यांनी लॉस एंजेलिसमधील दोघेही नोकरी करणाऱ्या ३० जोडप्यांचे कॉर्टिसॉल मोजले आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. पती घरकामाला जास्त वेळ देत असेल तिथे पत्नीचे कॉर्टिसॉल संध्याकाळी अधिक चांगले उतरत होते. पत्नीला विरंगुळा कमी मिळत असेल तिथे पतीचे अधिक चांगले उतरत होते. ही नोंद अस्वस्थ करणारी आहे आणि तिच्यातून पळवाट काढू नये. विरंगुळ्याचा वेळही कामासारखाच वाटून घ्यावा लागतो.

वाटणीच्या आधी काही काम मुळातच कमी करता येते. पोळी-भाजी केंद्रातून आठवड्यातले एक-दोन दिवस पोळ्या आणल्याने गृहिणीपणाला उणेपणा येत नाही. मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, तेव्हा एकीच्या चुलीवर अनेकांचे जेवण होणे ही गिरणगावात रुळलेली गोष्ट होती. दिवाळीच्या फराळात आठ पदार्थ हवेतच का, पाहुण्यांसाठी दोन गोडाचे पदार्थ कोणाच्या आग्रहाने होतात, हे प्रश्न घरात एकदा मोकळेपणाने विचारायला हवेत. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात रुजवणारे कि. मो. फडके यांनी ज्या हट्टी ‘च’वर बोट ठेवले, तो अशा ठिकाणी हमखास सापडतो. ‘व्हावे’चे ‘व्हायलाच हवे’ झाले की साधी गैरसोयसुद्धा अपमान वाटू लागते.

आजी-आजोबांचा ताण बहुधा बोलला जात नाही. नातवंडांना सांभाळण्यात आनंद असतो, पण रोज दुपारची झोप मोडून शाळेच्या व्हॅनची वाट पाहणे हे कामच आहे आणि त्यालाही सुट्टी हवी. बारावीच्या मुलाच्या बाबतीत घराने एवढे केले तरी पुष्कळ: जेवणाच्या ताटावर गुणांचा विषय काढायचा नाही आणि त्याची झोप कापायची नाही.

ताण उतरवण्याचे साधे उपायही आहेत. सावकाश, लांब उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते. नाशिकच्या गोदापार्कवर अर्धा तास चालल्याने झोप सुधारायला मदत होते. हे उपाय खरे आहेत, पण वाटणी तशीच ठेवून ते सांगितले तर ते आणखी एक काम होऊन बसतात. दोन आठवडे किंवा जास्त काळ मन उदास राहिले, झोप-भूक बिघडली, नेहमीच्या गोष्टींत रस उरला नाही, तर तो नुसता घरगुती ताण राहिलेला नसतो आणि डॉक्टरांना दाखवावे लागते. केंद्र सरकारची २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते. मारहाण, धमकी किंवा कोंडून ठेवणे असेल तिथे समजुतीने घेण्याचा सल्ला देऊ नये. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आणि १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.