पानाचे दार



वसंत व्याख्यानमालेचे दिवस म्हणजे उन्हाचे दिवस. बुलढाणा घाटावर असल्यामुळे आपली संध्याकाळ तरी सुसह्य असते. घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे काय स्थिती असते ते आपण जाणताच. तहान हा सध्या सर्वांच्याच जिव्हाळ्याचा विषय. म्हणूनच आज आम्ही झाडांच्या तहानेविषयी चार शब्द बोलणार आहोत.

उद्या सकाळी एक प्रयोग करून पाहा. अंगणातल्या कडुनिंबाची पानांनी भरलेली डहाळी पारदर्शक पिशवीत घालून तोंड दोऱ्याने घट्ट बांधा. थोड्या वेळाने पिशवी आतून दमट होईल, थेंब धरतील. हे पाणी पानांनी वाफेच्या रूपाने सोडलेले असते. या क्रियेला बाष्पोच्छ्वास म्हणतात. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने सूर्यफुलाची कुंडी वरून झाकून रोज सकाळ-संध्याकाळ तोलली. दिवसाच्या १२ तासांत सरासरी २० औंस, म्हणजे अर्ध्या किलोहून अधिक, वजन घटते असे त्याला आढळले. त्याचे पुस्तक १७२७ साली निघाले. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी बहुतेक सारे असेच उडून जाते. झाडाच्या अंगी लागते ते अगदी थोडे.

मग झाड इतके उधळे का? त्याचे उत्तर त्याच्या पोटात आहे. अन्न तयार करायला पानाला हवेतला कर्बवायू लागतो. पानाच्या त्वचेवर मेणाचा पातळ लेप असतो, त्यातून वायू सहज शिरत नाही. म्हणून त्वचेला बारीक दारे असतात, बहुतेक झाडांत पानाच्या खालच्या अंगाला. ही पर्णरंध्रे. परंतु दार उघडून वायू आत घ्यावा, तर त्याच दाराने ओलावा बाहेर पडतो. दार लावावे, तर पाणी वाचते पण उपास घडतो. झाडाचा सारा संसार या एका पेचात आहे.

या दाराला पहारेकरीही आहेत. रंध्राच्या दोन्ही बाजूंना एकेक रक्षक पेशी असते. तिच्यात पोटॅशियमचे क्षार शिरले, की त्यांच्यामागे पाणी शिरते; पेशी फुगून धनुष्यासारखी वाकते आणि मधली फट उघडते. पाणी निघून गेले, की पेशी सैलावतात आणि दार मिटते. जमीन कोरडी पडू लागली, की झाडात एक विशिष्ट द्रव्य वाढते आणि दार मिटण्याचा हुकूम सुटतो.

पेच एक, पण तोडगे अनेक. खामगावच्या वाटेवर ज्ञानगंगेच्या रानात उन्हाळ्यात साग उघडाबोडका दिसतो. तो मेलेला नसतो. दारांसकट पानेच टाकून देऊन तो पावसाची वाट पाहतो. फड्या निवडुंग दिवसा दारे लावून घेतो. रात्री गारव्यात ती उघडून वायू घेतो आणि आंबट द्रव्याच्या रूपाने सकाळसाठी साठवतो. ज्वारीला ताण पडला, की तिची पाने सुरळीसारखी वळतात आणि उन्हाला कमी अंग देतात.

आता आपल्या कपाशीकडे वळू. पावसाने खंड दिला, की भर दुपारी ती मान टाकते आणि बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो. विहिरीत पाणी एकाच वावराच्या ओलिताइतके; द्यावे कोणाला? आमचे सांगणे असे, की निवाडा दुपारी करू नये. दुपारी पाने घालवतात तितक्या वेगाने मुळांना पाणी पुरवता येत नाही, म्हणून मान लवते. संध्याकाळी खर्च घटतो, रात्री दारे मिटतात, आणि जमिनीत ओल असेल तर पहाटे तीच कपाशी ताठ उभी दिसते. परंतु दिवसेंदिवस सावरायला उशीर होऊ लागला, तर ओल संपत आली असे समजावे आणि त्या वावराला आधी पाणी द्यावे. पहाटेही मान वर न आली, तर फार उशीर झाला.

आणि ज्याच्याकडे विहीरच नाही, त्याने काय करावे? वावरातल्या प्रत्येक तणालाही पाने आहेत, प्रत्येक पानाला हजारो दारे आहेत, आणि त्यांतून जाणारे पाणी कपाशीच्याच वाट्याचे आहे. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे आपले वाडवडील म्हणत आले, त्याचे एक मर्म इथे आहे. डवऱ्याने तण निघते आणि काळ्या जमिनीच्या भेगाही बुजतात.

झाडाला पळून सावलीत जाता येत नाही. उभ्या जागी, उघडझाप करणाऱ्या दारांच्या बळावर, ते उन्हाशी हिशेब राखते. तो हिशेब वाचायला आपण शिकलो, तर पुष्कळ वावरे वाचतील.