‘नाही’ म्हणण्याची सोय
(वार्षिक संमेलनातील व्याख्यानाचा संपादित भाग)



इंदूरसारख्या गावात मराठीतून मानसशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. भाषेच्या व्यासपीठावर संशोधनपद्धतीचं काय काम, असं काहींना वाटेल. ते काम आहे, एवढंच मला आज सांगायचं आहे.

सुरुवात एका गाजलेल्या प्रयोगापासून करतो. १९६१ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन माणसं बोलावली. स्मरणशक्तीचा अभ्यास आहे, असं त्यांना सांगितलं. पलीकडच्या खोलीतला माणूस चुकला की विजेचा झटका द्यायचा आणि दर चुकीला तो वाढवायचा. १५ व्होल्टपासून ४५० पर्यंत. झटके खोटे होते आणि तो माणूस प्रयोगात सामील होता. बटण दाबणाऱ्याला मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. १९६३ साली निष्कर्ष छापून आले: ४० पुरुषांपैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले.

२६ म्हणजे ६५ टक्के. वर्गात मी इथे थांबायचो. नमुना ४० जणांचा, तोही आपणहून आलेल्या, एका शहर-परिसरातल्या पुरुषांचा. नमुना एवढा लहान असला की खरा आकडा साधारण ५० ते ७८ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. तेव्हा ‘जगातली ६५ टक्के माणसं अशीच’ हे विधान या आकड्यातून निघत नाही.

पण मला जास्त बोचते ती दुसरी गोष्ट. आल्याबद्दलचे पैसे तुमचेच, पुढे काहीही होवो, असं या लोकांना आधीच सांगितलं होतं. कागदावर ते मोकळे होते. पण कुणी ‘आता पुरे’ म्हटलं, की प्रयोगकर्ता शांतपणे ‘पुढे चालू ठेवा’ म्हणायचा. माणसं घामाघूम झाली, थरथरली, तरी बटण दाबत राहिली. १९६४ साली डायना बॉमरिंड यांनी यावर कडक टीका केली. मिलग्रॅम यांनी उत्तर दिलं, की नंतर विचारलं तेव्हा बहुतेकांनी भाग घेतल्याचा आनंदच वाटतो असं कळवलं. पण मागाहून वाटलेला आनंद म्हणजे आधी घेतलेली संमती नव्हे.

हे सगळं मी वर्षानुवर्षं शिकवलं आणि स्वतः तीच चूक केली.

एका भजनी मंडळातल्या वयस्कर बायकांच्या मनावरच्या ताणाचा अभ्यास करायचा होता. इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी मीच दोन रात्रींत केलं. साठेक अर्ज भरून झाले, सगळ्यांवर सह्या. चहा घेताना एक आजी सहज म्हणाल्या, “हे गेल्यापासून जीव कशात रमत नाही हो, सर.” मी त्यांचा अर्ज काढून पाहिला. ‘आपणांस निरुत्साह जाणवतो काय?’ या प्रश्नापुढे खूण होती ‘नाही’वर. विचारलं, तर म्हणाल्या, “निरुत्साह कसला? भजनाला रोज येते की मी!” मग हळूच म्हणाल्या, “खरं सांगू? मला भरायचाच नव्हता तो कागद. पण तुम्ही आमच्या सुनेचे सर. तुम्हाला नाही कसं म्हणायचं?”

एका वाक्यात माझं शास्त्रही गेलं आणि नीतीही. अर्ज आणखी शंभर भरून घेतले असते, तरी उपयोग नव्हता. योगायोगाने होणारी चूक संख्या वाढली की कमी होते. पण तराजूतच खोट असेल, तर दहादा तोलूनही वजन चुकीचंच. आणि सही होती ती माझ्या मास्तरकीला. करडा कोट नव्हता, एवढाच काय तो फरक.

तो गठ्ठा मी बाजूला ठेवला. प्रश्नावली नव्याने केली. एकाने मराठी केलं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत नेलं, दोन्ही ताडून पाहिली. मग चार-पाच आजींना वाचून दाखवून विचारलं, “यातून तुम्हाला काय समजलं?” ‘निरुत्साह’ गेला, ‘जीव रमत नाही’ आलं. ‘जीव घाबरा होतो’ही आलं. अर्ज वाटायला ओळखीचं नसलेलं माणूस पाठवलं आणि पहिलंच वाक्य ठेवलं: ‘नाही म्हणालात तरी चहा आहेच.’

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात, की संमती भाग घेणाऱ्याला समजणाऱ्या भाषेत घ्यावी. पण समजणारी भाषा म्हणजे नुसती मराठी नव्हे. इंदूरच्या आजीची मराठी वेगळी, बेळगावच्या आजीची वेगळी. परिभाषाकोश पाठ्यपुस्तकाला हवेतच. त्यांच्या जोडीला माणसं आपलं दुखणं कोणत्या शब्दांत सांगतात, त्याचीही नोंद अकादमीने गावोगाव करून ठेवावी, ही माझी विनंती.

दुसऱ्या खेपेला सात जणींनी अर्ज भरायला चक्क नकार दिला. नमुना लहान झाला. पण उरलेल्यांच्या ‘हो’वर मी पहिल्यांदाच विश्वास ठेवू शकलो.