चक्र वर, माणूस खाली
(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका युवक शिबिरात केलेलं भाषण)



पंधरा ऑगस्टला आपण मान वर करून झेंड्याला सलाम ठोकतो. त्या झेंड्यावरचं चक्र आलं कुठून, हे शाळेत कुणी धड सांगितलं का?

आधी तिथं चरखा होता. 1923 मध्ये इथून जवळ नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला, तो याच चरख्याच्या झेंड्यासाठी. जून 1947 मध्ये घटना समितीनं ध्वज ठरवायला समिती नेमली. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद, आणि सभासदांत आपले बाबासाहेब. 22 जुलैला नेहरूंनी ठराव मांडला. चरखा गेला, सारनाथच्या अशोकस्तंभावरचं चक्र आलं. 26 जानेवारी 1950 ला त्याच स्तंभाचे सिंह राजमुद्रा झाले.

म्हणजे या देशाच्या नोटेवर, नाण्यावर, कोर्टाच्या कागदावर बौद्ध राजाची खूण आहे. पण नीट बघा. सारनाथला सिंहांच्या माथ्यावर मोठं धर्मचक्र होतं. खोदकामात त्याचे तुकडे सापडले. राजमुद्रेत ते घेतलं नाही. पायाखालचं बारकं चक्र तेवढं राहिलं, आणि खाली मुंडकोपनिषदातलं 'सत्यमेव जयते' आलं. कुणी कट केला असं मी म्हणत नाही. पण बुद्धाचं शिल्प चालतं आणि बुद्धाची माणसं वेशीबाहेर, ही रीत आपण जन्मापासून बघतोय.

1971 साली कायदा झाला: झेंडा जाळला, फाडला तर तीन वर्षांपर्यंत कैद. 1972 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित बायांची विटंबना झाली. त्या 15 ऑगस्टच्या 'साधना'त राजा ढाल्यांनी दोन्ही सजा शेजारी मांडल्या. एक कापडाच्या अपमानाची, एक बाईच्या. केवढा गहजब उडाला! ब्राह्मणगावाबद्दल? छे. झेंड्याबद्दल असं लिहिलंच कसं, याबद्दल. दलितांना नागवं करून धिंड काढणं हा अत्याचाराचा गुन्हा म्हणून कायद्यात यायला 1989 उजाडलं. झेंड्याला संरक्षण 18 वर्षं आधी मिळालं होतं.

हे आपल्याकडंच घडतं असं नाही. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया नावाचा देश आहे. तिथल्या आदिवासींचा सात रंगांच्या चौकटींचा झेंडा, विफाला. 2009 च्या घटनेनं तो राष्ट्रीय प्रतीक केला. नोव्हेंबर 2019 मध्ये सत्ता उलटली आणि पोलिसांनी गणवेशावरचा विफाला कापून काढला. काही ठिकाणी जाळलाही. आदिवासी हजारोंनी रस्त्यावर आले. कात्री कापडावर चालली तरी मान आपली आहे, हे त्यांनी ओळखलं.

आपली गत उलटी. आपलं चक्र कुणी कापत नाही. ते वर फडकत ठेवतात आणि खाली आपल्याला कापतात.

हा जिल्हा कापसाचा. झेंडा वर्षानुवर्षं हातकताईच्या कापडाचाच लागे. डिसेंबर 2021 मध्ये नियम बदलला, पॉलिस्टर आणि यंत्रावरचं कापडही चालू लागलं. पऱ्हाटीत वाकून वेचणी करणाऱ्या मायच्या मजुरीचा नियम कुणी बदलला?

तेव्हा शहरातल्या पोरांनो, येत्या 26 जानेवारीला गावी जा. ग्रामपंचायतीपुढं झेंडा चढला की सलाम करा. मग तिथंच, सगळ्यांसमोर विचारा: वेचणीची मजुरी किती देता? आपल्या वस्तीच्या मसणवट्याची वाट कुणी अडवली? ठाण्यात अॅट्रॉसिटीची तक्रार लिहून घेतात का?

उत्तरं वहीत टिपून आणा. पुढची बैठक त्या वह्यांवर घेऊ.