टाकाऊतून टिकाऊ : एक कसोटी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘टाकाऊतून टिकाऊ’ हा विषय आज माझ्याकडे आला आहे. प्रदर्शनांतून बाटल्यांच्या फुलदाण्या, लग्नपत्रिकांची तोरणे आपण नेहमी पाहतो व करणारीच्या हाताचे कौतुकही करतो. पण दोन महिन्यांनी त्या फुलदाणीवर धूळ साचते आणि ती डब्यात जाते. म्हणजे कचरा कमी झाला नाही. तो फक्त उशिरा गेला! म्हणून वस्तू करायला घेण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हिच्यामुळे बाजारातून आणावी लागणारी कोणती वस्तू वाचणार आहे? उत्तर मिळाले तरच सुई-दोरा हाती घ्यावा.

आपल्या आज्या या कसोटीला पुरेपूर उतरत. सुती लुगडे विरले की त्याची बाळाला दुपटी होत, कारण जुने सूत मऊ असते. आणखी दोन-चार लुगडी जमली की थरावर थर ठेवून, धावदोरा घालून गोधडी होई. गोधडी फाटली की पायपुसणे, आणि अगदी शेवटी पोतेरे. आजच्या कृत्रिम धाग्याच्या साड्या पाणी शोषत नाहीत. त्यांची दुपटी किंवा पोतेरी करू नयेत. पण त्या चिवट असतात. दुहेरी कापड घेऊन, बंद पिशवीच्या तळापर्यंत शिवून आणल्यास भाजीची उत्तम पिशवी होते. धुतली की लगेच वाळते. कापडाचा गुण ओळखून त्याला काम द्यावे.

आता स्वयंपाकघराकडे वळू. घरच्या कचऱ्यात सुमारे निम्मा वाटा ओल्या कचऱ्याचा असतो, आणि त्याचे खत होते. जुन्या बादलीला तळाशी व बाजूंना भोके पाडावीत. तळाला नारळाच्या शेंड्या पसराव्यात. त्यावर साली, देठ, चहाचा चोथा घालावा आणि दर वेळी तितकाच वाळका पाला वर टाकावा. आठवड्यातून दोनदा काठीने हलवावे. वास येऊ लागला तर ओल फार झाली असे समजून पाला वाढवावा. दोन-तीन महिन्यांत मातीच्या वासाचे काळे खत मिळते. कुंडीसाठी खत विकत आणणे वाचले, कसोटी उतरली!

एवढे करूनही काही उरतेच. ते कोणाच्या हाती जाते? आपल्या पुण्यात कचरा वेचणाऱ्यांनी 1993 साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन केली. 2008 पासून त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा नेऊ लागली. यांत बहुसंख्य आपल्यासारख्याच बायका आहेत. सुका कचरा निवडून विकणे ही त्यांची कमाई. आपण कागदावर आमटी सांडून दिली, तर त्या कागदाचा भाव जातो, म्हणजे त्यांच्या पदरचे पैसे जातात. फुटकी काच उघडी टाकली, तर हात त्यांचा कापतो.

म्हणून चार गोष्टी पाळाव्यात. दुधाच्या पिशवीचा कोपरा पुरता कापू नये, लोंबता ठेवावा. सुटा तुकडा वेचून कोणी घेत नाही. पिशवी धुऊन, वाळवून सुक्यात ठेवावी. काच जाड कागदात गुंडाळून वर तसे लिहावे. पाळीच्या वेळचे पॅड कागदात बांधून त्यावर लाल ठिपका द्यावा, म्हणजे ती पुडी कोणाला उघडून पाहावी लागत नाही.

भगिनींनो, आपल्या दारातून गेलेला कचरा नाहीसा होत नाही. शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी वर्षानुवर्षे सोसला. तिथल्या विहिरींचे पाणी बिघडले. त्या विहिरींवरही आपल्यासारख्याच गृहिणी पाणी भरत होत्या.

तेव्हा येत्या वर्षी प्रदर्शनात शोभेच्या वस्तूंऐवजी प्रत्येकीने वर्षभर वापरलेली पिशवी आणि घरच्या खताची एक ओंजळ आणावी, अशी माझी सूचना आहे. त्या पिशवीला पडलेले ठिगळ हेच तिचे बक्षीस समजू या.