शाळेकडे मूल कीं मुलाकडे शाळा?

राजगडाच्या पायथ्याशीं, जुन्या गुंजण मावळांत, गुंजवणें नांवाचें एक लहान गांव आहे. पुण्याहून निघालेला मनुष्य नसरापूर, मार्गासनी, साखर अशीं गांवें मागें टाकीत तेथें पोंचतो. शनिवार-रविवारीं या वाटेवर गड चढावयास निघालेल्या तरुणांची गर्दी असते. चोरदरवाजानें पद्मावती माचीवर नेणारी पायवाट येथूनच सुरू होते. धडधाकट पायांना ती चढण म्हणजे सुटीची मौज. परंतु ज्या मुलाचे पाय जन्मापासून अधू आहेत, त्याला वाडीवरून शाळेपर्यंतची वाटच पुरेशी अवघड असते, आणि प्राथमिक शाळेच्या कामाचे दिवस वर्षाला २०० धरले, तर तितके वेळां त्याला ती जाऊन येऊन तुडवावी लागते. पावसाळ्यांत त्या वाटेची काय अवस्था होते, हें मावळांतल्या माणसांना सांगावयास नको.

अशा मुलांना काय म्हणावें याचा समाजानें पुष्कळ विचार केला आहे. आंधळा, बहिरा, पांगळा हे शब्द मागें पडले, अपंग आला, आणि आतां सरकारी कागदोपत्रीं दिव्यांग असें लिहिलें जातें. नांव बदलल्यानें कांहींच साधत नाहीं असें नव्हे. हांकेंतला तुच्छपणा गेला तर तोही लाभ लहान नाहीं. पण शब्दापेक्षां कायदा अधिक बदलला आहे, आणि त्याची वार्ता डोंगरांत कमी पोंचली आहे. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्यानें ते २१ केले, आणि स्वमग्नता किंवा वाचनलेखनांतील विशिष्ट अडचण यांसारखे, पाहणाऱ्याच्या डोळ्यांना सहसा न दिसणारे प्रकारही त्यांत घेतले. बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा. २०१२ मध्यें त्यांत दुरुस्ती होऊन अपंग बालकांचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिला गेला. २०१६ च्या कायद्यानें आणखी पुढें जाऊन असें म्हटलें कीं, ज्या मुलाचें अपंगत्व शेंकडा ४० किंवा त्याहून अधिक ठरलें आहे, त्याला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळावें, आणि तें घराजवळच्या शाळेंत घ्यावें कीं विशेष शाळेंत, हें त्याच्या पसंतीवर असावें.

पसंती हा शब्द मोठा चांगला आहे. मात्र पसंती करावयास निदान दोन गोष्टी समोर असाव्या लागतात. गुंजवण्यासारख्या गांवांतल्या आईबापांपुढें त्या दोन असतात काय?

विशेष शाळा आपल्याकडे शहरांत जन्मास आल्या. मुंबईस बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकारानें मूकबधिरांची शाळा १८८५ मध्यें निघाली. दोन वर्षांनीं अमृतसरला मिस ॲनी शार्प यांनीं अंधांची शाळा काढली. मुंबईंत अमेरिकन मिशनच्या मिस मिलर्ड यांनीं तशीच शाळा १९०० मध्यें सुरू केली. पुण्यांतील अंधशाळा डॉ. माचवे यांनीं १९३४ मध्यें उभी केली. बुद्धीच्या वाढींत मागें राहणाऱ्या मुलांसाठीं मुंबईंत १९४४ मध्यें निघालेली जय वकील शाळा तर एका दांपत्यानें स्वतःच्या मुलीच्या निमित्तानें सुरू केली. त्याच वर्षीं आलेल्या सार्जंट योजनेनें, अपंगांचें शिक्षण हा राष्ट्रीय शिक्षणपद्धतीचा आवश्यक भागच आहे, असें लिहून ठेवलें. तोंवर हें काम धर्मादायाचें समजलें जाई. बराच काळ नंतरही तें तसेंच समजलें गेलें.

या संस्था शहरांत निघाल्या त्याला कारण होतें. अशा शाळेला एका ठिकाणीं पुरेशीं मुलें लागतात, शिकलेले शिक्षक लागतात, दाते लागतात. पण गांवच्या मुलासाठीं याचा अर्थ एकच, तो म्हणजे वसतिगृह. सहा-सात वर्षांचें, अजून आईच्या कुशींत निजणारें पोर पन्नाससाठ किलोमीटरांवर पुण्यास नेऊन ठेवावयाचें आणि तें दिवाळीला व उन्हाळ्यांत घरीं आणावयाचें. ज्या आईबापांनीं काळजावर दगड ठेवून हें केलें, त्यांच्या मुलांपैकीं कित्येक पुढें स्वतःच्या पायावर उभे राहिले. ज्यांना तें करवलें नाहीं, त्यांनाही कोणी दोष देऊं नये.

हा प्रश्न सोडवितांना सर्व मुलांना एकाच मापानें मोजण्याची चूक नेहमीं होते. बहिऱ्या मुलाचेंच पाहावें. त्याची अडचण वरवर पाहतां कानाची, पण तिचा घाव भाषेवर बसतो. ऐकणारें मूल चुलीपाशीं बसून, गोठ्यांत लुडबुडून, आजीच्या मांडीवर पडून वर्षां-दोन वर्षांत हजारों वेळां शब्द ऐकतें व कोणी न शिकवितां बोलूं लागतें. जन्मतः बहिऱ्या मुलाला त्याच घरांत, त्याच मायेंत, जेव, ये, नको एवढ्या खुणा मिळतात. काल आणि उद्यां यांतला भेद, जर आणि तर यांची सांगड, आजोबा गेले म्हणजे कोठें गेले, मला मारलें तें कां मारलें, हें त्याला कोणी सांगूं शकत नाहीं आणि त्यालाही विचारतां येत नाहीं. गांव म्हणतें, पोर हट्टी आहे. हट्ट कसला? सांगावयाचें आहे आणि साधन नाहीं, अशा जिवाची ती धडपड असते.

येथें काळाला फार महत्त्व आहे. भाषा मनांत रुजण्याचे दिवस म्हणजे पहिलीं तीन-चार वर्षें. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्यें सुरू झाला. त्यांतील वैद्यकीय पथकानें प्रत्येक अंगणवाडीस वर्षांतून दोनदां जावें व मुलें तपासावीं अशी योजना आहे. अंगणवाडींत दोन वर्षांच्या मुलामागें थाळी वाजविली आणि त्यानें मान वळविली नाहीं, तर तीच धोक्याची घंटा समजावयास हवी. मान वळविली म्हणून निर्धास्तही राहूं नये, कारण थाळीचा मोठा नाद ऐकूं येणाऱ्या मुलालाही बोलण्यांतले बारीक आवाज ऐकूं येत नसतील. तपासणी लवकर झाली तर श्रवणयंत्र मिळतें. कांहीं मुलांना कानाच्या आंत यंत्र बसविण्याची शस्त्रक्रियाही लाभते. पण हें सारें पांचव्या वर्षाच्या आंत व्हावयास हवें. सहाव्या वर्षीं शाळेच्या पटावर नांव घालतांना प्रथमच कळलें कीं मूल ऐकत नाहीं, तर सर्वांत मोलाचीं वर्षें हातचीं गेलेलीं असतात.

ज्यांना यंत्राचा उपयोग होत नाहीं त्यांचें काय? १८८० मध्यें इटलींतील मिलान शहरीं बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली व तिनें असा ठराव केला कीं, मुलांना केवळ मुखानें बोलावयास शिकवावें. हातांच्या खुणा बंद कराव्या. त्या ठरावाची छाया जगभर पुढील कित्येक दशकें पडली. ज्यांच्याविषयीं ठराव झाला त्या बहिऱ्या माणसांचा त्या परिषदेंत आवाज जवळजवळ नव्हताच. पुढें भाषाशास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं हातांची भाषा ही व्याकरणानें युक्त अशी पूर्ण भाषा आहे. आपल्या देशांत भारतीय सांकेतिक भाषेचें संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीस २०१५ मध्यें स्थापन झालें. त्याच्या कोशांत २०१८ मध्यें ३,००० शब्द होते, ते २०२१ पर्यंत १०,००० झाले. परंतु भाषा कोशांतून शिकतां येत नाहीं. तिला सोबत लागते. ज्या गांवांत असें एकच मूल आहे, तेथें तें हात हलवून कोणाशीं बोलणार? म्हणून या एका बाबतींत विशेष शाळेचें पारडें जड आहे, हें कबूल करावयास हवें. तेथें त्याला आपल्यासारखीं दहा-वीस मुलें भेटतात आणि एका सत्रांत त्याचें तोंड, म्हणजे त्याचे हात, मोकळे होतात.

पण त्याचीही दुसरी बाजू आहे. दिवाळीला तें मूल भाषा घेऊन घरीं येतें आणि घरांत ती भाषा कोणाला येत नाहीं. जें पूर्वीं मुकें होतें तें आतां पाहुणें होतें. यावर उपाय आहे, आणि तो महाग नाहीं. आई, बाप, भावंडें यांनाही त्या खुणा शिकवाव्या. आज हातांतल्या फोनवर चित्रफितींतून त्या पाहतां येतात. मुलाला शाळेंत घालतांना घरालाही शाळेंत घालावें लागतें, हा विचार मात्र अजून अंगवळणीं पडलेला नाहीं.

अंध मुलाचें निराळें. ऐकून त्याची भाषा घरींच भरभक्कम झालेली असते. त्याला अक्षराचें दार तेवढें उघडून द्यावयाचें असतें. फ्रान्समध्यें लुई ब्रेल या स्वतः अंध असलेल्या तरुणानें १८२९ मध्यें, वयाच्या विसाव्या वर्षीं, सहा टिंबांची लिपि प्रसिद्ध केली. भारतीय भाषांसाठीं तिचें एकच रूप १९५१ मध्यें ठरलें, तीच भारती ब्रेल. मराठीपुरती तिच्यांत एक गंमतीची सोय आहे. डोळस मुलाला 'कि' लिहितांना वेलांटी आधीं काढावी लागते आणि मग तें गोंधळतें. ब्रेलमध्यें क आधीं व इकार मागून, म्हणजे जसें उच्चारावें तसेंच लिहावयाचें. पाटींत कागद अडकवून टोच्यानें उजवीकडून डावीकडे टिंबें पाडावयाचीं आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे बोटांनीं वाचावयाचीं. हें एका शिक्षकाला कांहीं महिन्यांत चांगलें येऊं शकतें. तेव्हां पाटी, टोचा, जाड कागद आणि आठवड्यास ठराविक वेळीं येणारा जाणता शिक्षक एवढें लाभलें, तर अंध मूल गुंजवण्यांतच, आपल्या भावाचा हात धरून, आपल्याच शाळेंत शिकूं शकेल. शिवाय अंध म्हणून नोंदलेल्या पुष्कळ मुलांना थोडी दृष्टि असते. त्यांना फळ्याजवळ, खिडकीच्या उजेडांत बसविलें आणि वह्यांवर जाड काळ्या रेघा मारून दिल्या, कीं अर्धें काम होतें. त्याला तर पैसाही लागत नाहीं.

बुद्धीनें संथ असलेलें मूल गांवाच्या शाळेंतच बरें. त्याला शिकावयाचें असतें तें बोलणें, वागणें, नाणीं ओळखणें, बाजारहाट, आणि तें समवयस्कांतच येतें. गांव त्याला ओळखतें हीच त्याची मोठी ठेव. ज्याची बुद्धि तल्लख पण अक्षरें उलटसुलट होतात, अशा मुलाची कथा अधिक दुःखद, कारण त्याचें अपंगत्व कोणाला दिसतच नाहीं. तोंडीं हिशेब झरझर करणारा पोरगा वाचतांना अडतो, म्हणून आळशी ठरतो व छड्या खातो. महाराष्ट्रांत या मुलांसाठीं संघटित काम मुंबईंत १९९६ च्या सुमारास सुरू झालें. २०१६ च्या कायद्यानें त्याला मान्यता दिली. त्याची ओळख पटविणारे तज्ज्ञ मात्र अजून बहुतेक शहरांतच बसतात.

हें सगळें करावयाचें कोणीं? शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणें ६० पर्यंत मुलें असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक. दोघांत चार-पांच इयत्ता, पोषण आहाराचा हिशेब, वरून येणारीं परिपत्रकें. त्यांच्याकडून ब्रेलही शिकण्याची अपेक्षा एकाएकीं करणें न्यायाचें नाहीं. म्हणूनच १९७४ मध्यें केंद्र सरकारनें एकात्म शिक्षणाची योजना काढली तेव्हांपासून अशा कामासाठीं खास शिकलेला, शाळाशाळांतून फिरणारा शिक्षक ही कल्पना चालत आली आहे. आज समग्र शिक्षा योजनेंत तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडून विशेष शिक्षक पाठविले जातात. या फिरत्या माणसावर सारी योजना उभी आहे. तो आला तर कायद्यांतली पसंती खरी. तो आला नाहीं तर तिचा कागद होतो.

मूल येत नसेल तर शाळेनें जावें, हा विचार महाराष्ट्राला परका नाहीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ मध्यें बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. वाडीवरचीं मुलें शाळेकडे फिरकेनात, तेव्हां त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. अंगणवाडी या शब्दामागें हीच कल्पना आहे. अपंग मुलाच्या बाबतींत तिचा अर्थ शब्दशः घ्यावयास हवा.

एका धोक्याकडे मात्र डोळेझांक होऊं नये. तीव्र व अनेक प्रकारचें अपंगत्व असलेल्या मुलास घरींच शिक्षण घेण्याची सवलत २०१२ च्या दुरुस्तीनें दिली. अंथरुणाला खिळलेल्या मुलासाठीं ती योग्यच आहे. पण जें मूल उचलून आणलें तर शाळेंत बसूं शकतें, त्याचें नांव या सदरांत घालून मोकळें होण्याचा मोहही त्यांत आहे. घरीं महिन्यांतून तास-दोन तास शिकणारें मूल पटावर असतें, पण त्याला मित्र नसतो, खेळ नसतो, शाळेची घंटाही त्याची नसते. अशा नोंदी दर वर्षीं नव्यानें तपासल्या जाव्या. एकदां घातलेलें नांव आठवीपर्यंत तसेंच राहूं नये.

पैशाचा विचार केला तर समग्र शिक्षेंत अशा प्रत्येक मुलामागें वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद ठेवलेली आहे, आणि अपंग मुलींना महिन्याला २०० रुपये विद्यावेतन आहे. ने-आण करणाऱ्या मदतनिसासाठींही भत्ता आहे. रक्कम थोडी, हें खरें. तरी डोंगरांतल्या घराला तिचा उपयोग होतो, जर तिची माहिती असेल व अपंगत्वाचा दाखला हातीं असेल तर. त्या दाखल्यासाठीं मुलाला घेऊन तपासणीच्या ठराविक दिवशीं शहरांतल्या रुग्णालयांत जावें लागतें, एक फेरी फुकट गेली तर दुसरी करावी लागते, आणि प्रत्येक फेरीला दोन माणसांची मजुरी बुडते. तपासणीचें शिबीर तालुक्याच्या गांवीं भरलें तर निम्मा त्रास वांचतो.

आणि भाताच्या लावणीच्या दिवसांत फिरत्या शिक्षकाची फेरी चुकणार असेल, तर तें त्या घराला आदल्या दिवशींच कळवावें; कारण तो यावयाचा म्हणून त्या दिवशीं मुलाची आई खाचरावर न जातां घरीं थांबलेली असते.