दारं धरणाऱ्या पेशी



बालाजी महाराजांच्या देऊळगाव राजात दूरदूरहून आलेल्या डॉक्टर मंडळींचं मनापासून स्वागत. चोखोबांचं जन्मगाव मानलं जाणारं मेहुणा राजा याच तालुक्यात आहे. सवड काढून जाऊन या.

स्वागताध्यक्षाला विषय कळलाच पाहिजे असा काही दंडक नाही. मी शेतकरी माणूस. पण कार्यक्रमपत्रिकेत वाचलं की मूत्रपिंडातल्या पेशींना वाहती धार कळते, आणि तिथंच अडकलो. शरीरशास्त्र शिकवणाऱ्या लेकीला विचारलं. ती म्हणाली, बाबा, मूत्रपिंडाच्या नलिकेत बहुतेक पेशींवर एकेक बारीकसा केस उभा असतो. झिमरमान नावाच्या शास्त्रज्ञानं तो 1898 मध्येच नोंदवला होता. पुढं कितीतरी वर्षं लोकांनी त्याला बिनकामाचा ठरवलं. 2001 मध्ये प्रेटोरियस आणि स्प्रिंग यांनी प्रयोगशाळेतल्या पेशींवरचा हा केस वाकवून पाहिला, तर पेशीत कॅल्शियम चढलं.

मला एकदम आमचं दारं धरणं आठवलं. लाईट रात्रपाळीची, अंधारात दिसत काही नाही. पाटात अनवाणी उभं राहायचं. घोट्यावरची धार मंदावली की समजायचं, वर कुठंतरी पाट फुटला.

2016 मध्ये काही शास्त्रज्ञांनी मोजून सांगितलं, केस वाकला तरी त्या केसात कॅल्शियम चढत नाही. मग धार या केसालाच कळते का, तो वाद इथं खुशाल घाला, मांडव भक्कम आहे. एवढं मात्र पक्कं, की पॉलिसिस्टिन नावाची प्रथिनं या केसावर असतात आणि त्यांच्यात आनुवंशिक दोष असला की मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी वाढतात. आईबापांपैकी एकाला हा आजार असेल, तर प्रत्येक लेकराला तो होण्याची शक्यता निम्मी.

दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी मूत्रपिंडात गाळलं जातं आणि बाहेर पडतं ते दीड-दोन लिटर. धार वाढली की सुरुवातीची नलिका जास्त पाणी परत ओढते. पुढं मीठ जास्त आलं, तर तिथल्या पेशी मागं निरोप धाडतात आणि गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी आवळली जाते. इतका चोख निरोप आमच्या खडकपूर्णा धरणाच्या दरवाजांपर्यंतही वेळेवर पोचत नसेल!

आमच्या जिल्ह्याला दोन पूर्णा. इकडची खडकपूर्णा गोदावरीच्या खोऱ्यातली, उत्तरेची तापीला मिळणारी. त्या उत्तरेच्या पूर्णेचा खारपाणपट्टा शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे पसरला आहे. तिथं विहिरींचं पाणी खारट आणि मूत्रपिंडाचे रुग्ण घरोघर ऐकू येतात. डॉक्टरसाहेब, परत जाताना एक दिवस तिकडं वळा. लोकांचं रक्त तपासा, विहिरींचं पाणी तपासा, आणि जे निघेल ते गावाच्या पारावर बसून मराठीत सांगा. गाडीची सोय आमच्याकडे लागली.