नागली, पाणी आणि पोट
(जव्हार-मोखाडा भागातील महिला बचत गटांसमोर केलेले भाषण)

आज ज्या दुखण्याविषयी बोलायचे आहे, ते चारचौघीत सांगायला लाज वाटते. तीन-तीन, चार-चार दिवस शौचाला होत नाही, पोट गच्च, जेवण नको वाटते. मग बाजारातून जुलाबाची गोळी येते. एक दिवस मोकळे वाटते, पुन्हा तेच.

आधी ताटात काय बदलले ते पाहू. आपल्या आज्यांच्या घरी नागलीची भाकर, वरई, उडदाची आमटी आणि पावसाळ्यात टाकळा-कुर्डूची भाजी असे. आज दोन्ही वेळा पांढरा भात आणि पातळ कालवण. रेशनला मी नावे ठेवत नाही. त्या तांदळाने कितीतरी घरांतली उपासमार टळली. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांप्रमाणे 100 ग्रॅम नागलीत सुमारे 11 ग्रॅम चोथा असतो, पांढऱ्या तांदळात तीनही भरत नाही. हा चोथा पाणी धरून ठेवतो, मळ मऊ करतो, पुढे ढकलतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम सांगते. नुसत्या भातावर ते होणे नाही.

म्हणून उद्यापासून दोन्ही वेळा नागलीच, असेही करू नका. एकदम वाढवले की पोट फुगते आणि बाई म्हणते, "मला नागली सोसत नाही." पहिला आठवडा एका वेळी अर्धी भाकर. मग एक. कालवणात डाळ जरा घट्ट, शेवग्याचा पाला. दोन-तीन आठवडे धीर धरा. आणि भाकर वाढली तसे पाणीही वाढले पाहिजे, नाहीतर चोथा आतच घट्ट बसतो.

खरी अडचण इथेच आहे. दिवाळीनंतर आपली माणसे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. तिथे आडोसा नसतो, म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि लागली तरी अंधार पडेपर्यंत दाबून धरतात. अशा बाईला "नागली खा" सांगणे हा अर्धाच उपदेश. जाताना पीठ बांधून न्या, आणि उचल ठरते तेव्हाच शेठकडे संडासाचे बोला. चौघींनी मिळून बोला. एकटीचे कोणी ऐकत नाही.

पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, हे आमच्या काही बंधूंना फार चांगले पाठ असते. त्यात मोहाच्या दारूचा उल्लेख कुठेच नाही! जळजळणाऱ्या पोटाला दारू आणखी जाळते. उपाशीपोटी घेतलेल्या अंगदुखीच्या गोळ्याही तेच करतात.

गरोदर बायांनी शौच घट्ट होते म्हणून लोहाच्या गोळ्या सोडू नयेत. त्यांनी शौच काळे होते, ते चालते. पण गोळी चालू नसताना डांबरासारखे काळे शौच, शौचातून रक्त, वजन उतरणे, घास अडकणे, पोट फुगून उलट्या यांपैकी काही असेल, तर तिथे नागलीचा उपयोग नाही आणि भगताचाही नाही. मूळव्याध समजून कित्येक महिने अंगावर काढलेल्या बायांना मी दवाखान्यात नेले आहे. तुम्ही थांबू नका, आरोग्य केंद्रात जा. डॉक्टरांपुढे बोलायला लाज वाटत असेल तर आशाताईंना सोबत घ्या. त्या नसतील तर मला निरोप पाठवा, मी येते.